शहराच्या जुन्या गाभ्यातली आलिशान घरं: किंमत कशी ठरते आणि पैसा कुठे अडकतो

एकाच गल्लीत, शेजारशेजारच्या दोन जुन्या इमारतींत, एकाच मापाची दोन घरं विकायला निघतात. एकाची किंमत दुसऱ्याच्या दीडपट. जाहिराती वाचून याचा उलगडा होत नाही, कारण उंच छत, नक्षीदार कठडे आणि मोक्याची जागा ही वर्णनं दोन्हींकडे सारखीच. फरक असतो तो तीन गोष्टींत: घराला मुळातून काय मिळालं आहे, त्यात काय बदलायची परवानगी मिळेल, आणि इमारतीतल्या इतरांशी तुमचं काय काय बांधलेलं आहे. खरेदीदार पहिल्या गोष्टीवर भाळून पैसे मोजतो. पैसा बुडतो तो उरलेल्या दोन गोष्टींत. म्हणून इथे त्या दोन गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

पुरवठा कायद्याने गोठलेला

नव्या वस्तीत मागणी वाढली की काही वर्षांत नव्या इमारती उभ्या राहतात आणि भाव थोडे निवळतात. जुन्या गाभ्यात ही सोय नाही. तिथे जेवढी घरं आहेत तेवढीच राहणार, आणि हे कायद्यानेच ठरवलेलं असतं.

पॅरिसचा मारे हा भाग याचं चांगलं उदाहरण. तिथला प्लास दे व्होज हा चौक १६१२ मध्ये पूर्ण झाला आणि सरदार-दरबाऱ्यांचे वाडे आसपास उभे राहिले. १६८२ मध्ये दरबार व्हर्सायला गेला, पुढे राज्यक्रांती झाली, आणि या वाड्यांत कारखाने, गोदामं आणि दाटीवाटीने राहणारे भाडेकरू आले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या वस्तीची रया गेली होती. १९६२ मध्ये फ्रान्सने ऐतिहासिक वस्त्या जशाच्या तशा जपण्याचा कायदा केला आणि १९६४ मध्ये मारे त्याखाली आला. पाडकाम थांबलं, डागडुजी सुरू झाली, आणि त्याच निर्णयाने नव्या घरांचा रस्ताही बंद झाला. न्यूयॉर्कमध्ये १९६३ साली जुनं पेन स्टेशन पाडायला सुरुवात झाल्यावर लोक हळहळले, १९६५ मध्ये वारसा जतनाचा कायदा आला, आणि त्याच वर्षी ब्रुकलिन हाइट्स ही शहरातली पहिली संरक्षित वस्ती ठरली. आज या दोन्ही भागांत घर घेणं फार थोड्यांना परवडतं.

संरक्षणाचा भावावर दुहेरी परिणाम होतो. समोरची इमारत उद्या पाडून तिथे मनोरा उभा राहणार नाही, तुमचा उजेड जाणार नाही, ही हमी मिळते आणि तिचा भाव लागतो. पण तीच बंधनं तुमच्याही घराला लागू असतात, आणि त्यांचा खर्च बहुतेकांना खरेदीनंतर कळतो.

मजला, उजेड आणि खरं मोजमाप

लिफ्ट येण्याआधी मजल्यांची उतरंड आजच्या उलट होती. तळाला दुकान किंवा कोठार, त्याच्या वरच्या एक-दोन मजल्यांवर मालकांची दालनं, आणि जसजसं वर जावं तसतसे भाडेकरू गरीब. थेट छपराखाली नोकरांच्या खोल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिफ्ट आली आणि ही उतरंड फिरली. वर उजेड आणि दृश्य, खाली रस्त्याचा आवाज.

इमारतीचा सांगाडा मात्र जुन्या हिशेबानेच बांधलेला आहे. छत सर्वांत उंच मालकांच्या मजल्यावर, खिडक्या तिथेच मोठ्या, नक्षीकामही तिथेच. वर जाताना उंची कमी होते, भिंती बारीक होतात, तुळया हलक्या होतात. म्हणून या बाजारात दोन वेगळ्या प्रकारची घरं चढ्या भावाने जातात: मालकांच्या मजल्यावरची भव्य दालनं, आणि लिफ्ट असलेल्या इमारतीतली सर्वांत वरची, गच्ची किंवा दृश्य असलेली घरं. मधले मजले तुलनेने स्वस्त मिळतात, आणि राहायला अनेकदा तेच सुखाचे असतात. लिफ्ट नसेल तर चौथ्या मजल्यापासून भाव झपाट्याने पडतो. जिन्याच्या मधल्या पोकळीत नंतर बसवलेली लिफ्ट असेल तर ती आतून मोजून घ्यावी. दोन माणसं जेमतेम मावतात अशा लिफ्टमधून ना चाकाची खुर्ची जाते ना स्ट्रेचर.

मोजमापात मोठी गडबड छपराखालच्या घरांत होते. जमिनीवर नव्वद चौरस मीटर दिसणारं घर उतरत्या छतामुळे वापरायला साठच भरतं. फ्रान्समध्ये यासाठी १९९६ पासून कायदा आहे: सामाईक इमारतीतल्या घराच्या विक्रीत १.८० मीटरपेक्षा कमी उंचीची जागा क्षेत्रफळात धरता येत नाही, आणि खरं क्षेत्रफळ कागदावरच्यापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त कमी निघालं तर खरेदीदाराला वर्षभरात किंमत कमी करून मागता येते. जिथे असा कायदा नाही तिथेही मोजणीसाठी हाच निकष लावावा. इसार देण्याआधी स्वतंत्र माणसाकडून नकाशा काढून घ्यावा. त्यात भिंतींची जाडीही धरावी, कारण जुन्या दगडी किंवा विटांच्या भिंती अर्धा मीटर जाड असणं साधी गोष्ट आहे.

सरासरीवर विसंबू नये

‘या भागात भाव इतके टक्के वाढले’ अशी वाक्यं या बाजारापुरती जवळजवळ निरुपयोगी आहेत. समजा, एका गल्लीत चाळीस मोठी घरं आहेत आणि मालक साधारण वीस वर्षांनी घर विकतात. म्हणजे वर्षाला दोन व्यवहार. एका वर्षी दोन्ही व्यवहार तळमजल्याच्या अंधाऱ्या घरांचे झाले आणि पुढच्या वर्षी दोनपैकी एक नदीकडे तोंड असलेल्या घराचा झाला, तर सरासरी उडी मारेल. एकाही घराची किंमत प्रत्यक्षात बदललेली नसेल.

विश्वासार्ह तुलना एकच: तेच घर आधी कितीला गेलं होतं आणि आता कितीला गेलं. त्यानंतर त्याच इमारतीतली घरं, मग त्याच बाजूची आणि त्याच काळातली बांधकामं. नोंदणीचे आकडे जिथे खुले आहेत तिथे हे घरबसल्या पाहता येतं. इंग्लंड आणि वेल्समधल्या विक्रीच्या किमती १९९५ पासून जमीन नोंदणी कार्यालयाकडे उपलब्ध आहेत, फ्रान्सने २०१९ मध्ये आपली नोंद खुली केली. जाहिरातीतली किंमत ही मालकाची इच्छा असते. नोंदणीतली किंमत हा पुरावा. मात्र महागड्या घरांपैकी बरीच जाहिरातीविना, दलालांच्या ओळखीतून हात बदलतात, आणि काही कंपनीच्या समभागांच्या रूपाने विकली जातात. असे व्यवहार काही ठिकाणी घरांच्या नोंदीत दिसतच नाहीत.

आणखी एक. इथले खरेदीदार स्थानिक पगारावर अवलंबून नसतात. त्यामुळे भाव हलतात ते परकीय चलन, कर आणि व्हिसा यांच्या बातम्यांनी. मध्य लंडनच्या महागड्या बाजाराचा चढ २०१४ च्या सुमारास थांबला. त्या डिसेंबरमध्ये महागड्या घरांवरचं मुद्रांक शुल्क वाढलं, एप्रिल २०१६ मध्ये जादा घरांवर आणखी तीन टक्के आले, आणि त्या जूनमधल्या ब्रेक्झिटच्या सार्वमतानंतर पौंड घसरला. पौंडात भाव खाली गेले होतेच, डॉलर बाळगणाऱ्याला ते आणखी स्वस्त झाले. पोर्तुगालने २०१२ मध्ये गुंतवणुकीच्या बदल्यात निवासाचा परवाना सुरू केला, घरखरेदीचा मार्ग २०२३ मध्ये बंद केला. स्पेनने तसाच परवाना एप्रिल २०२५ मध्ये संपवला. घर विकायला काढायचं असेल तर असे निर्णय लागू होण्याच्या तारखा बाजारभावापेक्षा जास्त महत्त्वाच्या ठरतात. मुदतीआधी गर्दी होते, नंतर शुकशुकाट.

आपण नेमकं काय विकत घेतो

जुन्या गाभ्यात ‘घर घेतलं’ या दोन शब्दांमागे निदान चार वेगळे हक्क असू शकतात.

पहिला, जमिनीसकट पूर्ण मालकी. ही संपूर्ण स्वतंत्र इमारतींतच मिळते आणि दुर्मीळ असते. दुसरा, सामाईक मालकी: घर तुमचं, पण भिंती, छप्पर, जिना, नळ सर्वांचे, आणि खर्चात तुमचा वाटा ठरलेला. युरोप खंडात बहुतेक फ्लॅट असेच असतात.

तिसरा, मुदतीचा भाडेपट्टा. मध्य लंडनमध्ये मेफेअर, बेलग्रेव्हिया, चेल्सी, मॅरिलबोन इथली बरीच जमीन आजही मोजक्या घराण्यांच्या मालमत्ता-संस्थांकडे आहे. ग्रोव्हनर घराण्याकडे मेफेअर-बेलग्रेव्हियाची जमीन आली ती १६७७ मधल्या एका विवाहातून. अशा भागांत तुम्ही घर घेता म्हणजे पट्ट्याची उरलेली वर्षं विकत घेता. वर्षं जितकी कमी, तितकं कर्ज मिळणं अवघड आणि विक्रीही अवघड. ऐंशी वर्षांची रेघ इथे फार महत्त्वाची. १९९३ च्या कायद्याने फ्लॅटधारकाला नव्वद वर्षं वाढवून मागण्याचा हक्क दिला, पण पट्टा ऐंशी वर्षांच्या खाली गेला की मुदतवाढीमुळे घराचं जे मूल्य वाढतं त्यातला निम्मा हिस्सा जमीनमालकाला द्यावा लागतो. २०२४ च्या नव्या कायद्यात हा हिस्सा रद्द करण्याची आणि ९९० वर्षांच्या मुदतवाढीची तरतूद आहे, मात्र त्यातली कलमं टप्प्याटप्प्याने लागू होतात. म्हणून आपल्या व्यवहाराच्या तारखेला कोणतं कलम लागू आहे हे वकिलाकडून लेखी घ्यावं. ब्याऐंशी वर्षं उरलेलं घर पाहिलं तर मुदतवाढीची नोटीस विकणाऱ्याकडूनच आधी द्यायला लावावी आणि तिचा हक्क आपल्या नावे करून घ्यावा.

चौथा प्रकार न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींत आढळतो: इमारत एका कंपनीची, तुम्ही तिचे समभाग घेता आणि त्यासोबत राहण्याचा हक्क. इमारतीची समिती तुमचे आर्थिक कागद तपासते, मुलाखत घेते आणि कारण न सांगता नकार देऊ शकते. काही इमारतींत कर्ज काढून घर घेण्याची मुभाच नसते. याचा भावावर थेट परिणाम होतो: पात्र खरेदीदार थोडे, म्हणून तेवढंच घर दुसऱ्या प्रकारच्या मालकीपेक्षा स्वस्त.

इटलीत वेगळाच मुद्दा आहे. सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर झालेली वास्तू विकली तर त्याच किमतीला ती घेण्याचा पहिला हक्क सरकारचा. विक्रीची सूचना दिल्यापासून साठ दिवस तो हक्क असतो आणि तोवर व्यवहार पक्का होत नाही. सरकार हा हक्क क्वचितच वापरतं, पण ते साठ दिवस हिशेबात धरावेच लागतात. त्या काळात ठेकेदार लावून तोडफोड सुरू करणं अत्यंत धोक्याचं.

परवानगी: बाहेरचं आणि आतलंही

संरक्षण फक्त दर्शनी भागाला असतं, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. काही वस्त्यांत ते खरं आहे, विशेषतः जिथे पूर्ण वस्ती संरक्षित आहे पण इमारत वारसा यादीत स्वतंत्रपणे नोंदलेली नाही. इंग्लंडमध्ये मात्र नोंदलेल्या इमारतीच्या आतल्या दारापासून जिन्याच्या कठड्यापर्यंत सगळ्याला संरक्षण लागू होतं, मग इमारत पहिल्या दर्जाची असो वा दुसऱ्या. परवानगीशिवाय बदल करणं हा फौजदारी गुन्हा आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बदल पूर्ववत करण्याची नोटीस आजच्या मालकावर निघते, काम कुणी का केलेलं असेना, आणि त्याला कालमर्यादा नाही. आधीच्या मालकाने तीस वर्षांपूर्वी काढलेली भिंत आज तुमच्या गळ्यात येऊ शकते.

म्हणून नोंदीचं वर्णन, जुने मंजूर नकाशे आणि प्रत्यक्ष घर हे तिन्ही शेजारी ठेवून खोलीखोलीने ताडून पाहावं. नकाशात शेकोटी आहे आणि घरात नाही? नकाशात दोन खोल्या आहेत आणि समोर एक प्रशस्त दालन दिसतंय? प्रत्येक फरकासाठी मंजुरीचा कागद मागावा. कागद नसेल तर विकणाऱ्याने आधी नियमित करून घ्यावं किंवा किंमत त्या हिशेबाने उतरवावी.

परवानगी साधारण कशाला मिळते याचा अंदाज बांधता येतो. जे उलट फिरवता येतं, मूळ वस्तूला हात न लावता बसतं, ते बहुधा चालतं. उदाहरणार्थ, मूळ लाकडी खिडक्या बदलून दुहेरी काचेच्या लावायला अनेकदा नकार मिळतो, पण आतल्या बाजूने दुसरी सरकती खिडकी बसवायला हरकत घेतली जात नाही. ही आतली खिडकी मूळ काचेपासून १०० ते २०० मिलिमीटर अंतरावर असेल तर रस्त्याचा आवाज दुहेरी काचेपेक्षाही चांगला अडतो. एअर कंडिशनरचा बाहेरचा भाग दर्शनी बाजूला किंवा छपरावर दिसेल असा लावता येत नाही, आणि आतल्या चौकात लावला तर शेजाऱ्यांच्या खिडक्यांपर्यंत आवाज पोचतो. थंड हवा हवीच असेल तर ती यंत्रं कुठे बसणार हे खरेदीआधी ठरवावं. पुष्कळ सुंदर घरांत याचं उत्तर ‘कुठेच नाही’ असं निघतं.

वर जायला बंदी म्हणून लोक खाली खोदू लागतात. लंडनच्या केन्सिंग्टन आणि चेल्सी भागात घरांखाली दोन-तीन मजली तळघरं होऊ लागली, शेजाऱ्यांच्या भिंतींना तडे गेले, आणि २०१५ मध्ये तिथल्या पालिकेने ती सर्वसाधारणपणे एका मजल्यापुरती मर्यादित केली. शेजारचं घर खोदलं जाणार असेल तर काम सुरू होण्याआधी आपल्या घराची तडे-फोटोंसह पाहणी करून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. नंतर कुठला तडा जुना आणि कुठला नवा हे कुणीच सिद्ध करू शकत नाही.

भिंतीच्या आत काय आहे

जुनी इमारत पाण्याशी नव्या इमारतीसारखी वागत नाही. नवी इमारत पाणी बाहेर अडवते. जुनी भिंत, म्हणजे वीट किंवा दगड आणि चुना, पाणी शोषते आणि वाळताना सोडून देते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिकसारखा रंग चढवला की वाळायचा मार्ग बंद. आत अडकलेल्या पाण्यातले क्षार गिलाव्यामागे साचतात, लोणा फुटतो आणि पोपडे पडतात. ठेकेदार पुन्हा सिमेंट लावतो, ओल आणखी वर सरकते. जमिनीतून चढणारी ओल साधारण एक ते दीड मीटरपर्यंत दिसते. ती त्याहून वर असेल तर बहुधा कारण वेगळं आहे: फुटलेला नळ, तुंबलेली पन्हळ, छपराचा सांधा. उपाय क्रमाने करायचा. आधी पाणी येण्याचं कारण बंद, मग सिमेंट खरवडून काढणं, मग भिंत वाळू देणं, आणि शेवटी चुन्याचा गिलावा. वाळायला दर २५ मिलिमीटर जाडीला साधारण एक महिना धरतात. अर्ध्या मीटरच्या भिंतीला वीस महिने. तीन महिन्यांत घर तयार करून देतो म्हणणारा ठेकेदार ओल्या भिंतीवर रंग देणार, हे गृहीत धरावं.

व्हेनिसमध्ये हा प्रश्न टोकाला जातो. तिथे जुन्या घरांचा तळमजला कोठारासाठीच होता, राहणं वरच्या मजल्यांवर. १२ नोव्हेंबर २०१९ ला भरतीचं पाणी १८७ सेंटिमीटरपर्यंत चढलं. समुद्राच्या तोंडाशी बसवलेले अडथळे २०२० पासून वापरात आले, पण भिंतींत आधीच मुरलेलं मीठ तिथेच आहे, आणि तळमजल्याला राहण्याजोगं करून विकलेल्या घरांत ते पुन्हा पुन्हा वर येतं.

ओलीचं खरं भक्ष्य म्हणजे तुळयांची टोकं. ती भिंतीत घुसलेली असतात आणि दिसत नाहीत. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर राहिला की कुजण्याचा धोका सुरू होतो. सुकी कुज म्हणून ओळखली जाणारी बुरशी विटांवरून पसरत दुसऱ्या खोलीतल्या लाकडापर्यंत पोचते. पाहणीत बाहेरच्या भिंतीलगत, विशेषतः न्हाणीघराखाली आणि पन्हळीच्या रेषेत, जमिनीची फळी उचलून टोकं तपासायचा आग्रह धरावा. विकणारा फळी उचलू देत नसेल तर ती माहितीही कामाची आहे. घर उबदार करण्यासाठी बाहेरच्या भिंतीला आतून फोम आणि प्लास्टिकचं अस्तर लावणं हाही याच संकटाचा एक रस्ता: भिंत थंड पडते, ओलसर राहते आणि तुळईचं टोक कुजत जातं.

वजनाचा हिशेब तर कुणीच करत नाही, आणि आमच्या मते पाहणीतला हाच सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. घरातल्या लाकडी मजल्याचा राहण्याचा भार साधारण दर चौरस मीटरला १५० ते २०० किलो धरतात. २० मिलिमीटर जाडीचा संगमरवर दर चौरस मीटरला ५४ किलो, त्याखाली चार सेंटिमीटर मसाला धरला तर आणखी ८० किलो. म्हणजे माणूस किंवा सामान येण्याआधीच १३० किलोंच्या वर. आता दगडी टब घ्या: टब ५०० किलो, पाणी ३०० लिटर, माणूस ८० किलो, आणि हे सगळं सव्वा चौरस मीटरवर. दर चौरस मीटरला ७०० किलो. मजला एका दिवसात कोसळत नाही. तो वर्षानुवर्षं वाकत जातो, खालच्या घराच्या नक्षीदार छताला तडे जातात, आणि भांडण सुरू होतं. टब हवाच असेल तर तो भिंतीलगत, तुळयांना आडवा ठेवावा म्हणजे भार अनेक तुळयांवर वाटला जातो, आणि त्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत घ्यावं.

खोल्या मोठ्या करण्याच्या हौसेत दोन चुका वारंवार होतात. एक, धुराड्याचा खालचा भाग काढून टाकणं. वरच्या मजल्यांवरचा धुराड्याचा विटांचा खांब मग अधांतरी राहतो. खालच्या घरात शेकोटीची जागा सपाट दिसली तर वर त्याला आधार कशाचा दिला हे विचारलंच पाहिजे. दोन, पातळ दिसणारी आतली भिंत बिनमहत्त्वाची समजणं. लिस्बनमध्ये १७५५ च्या भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या बाइशा भागातल्या इमारतींच्या भिंतींत तिरप्या आधारांची लाकडी चौकट दडवलेली आहे. ती भूकंपात इमारत एकसंध ठेवण्यासाठी आहे. गिलाव्याखाली ती दिसत नाही, म्हणून नूतनीकरणात ती कापली गेली आहे, आणि आपल्या मजल्यावर ती शाबूत असली तरी खालच्या दुकानात कापलेली असू शकते.

तुळयांच्या मधल्या पोकळीत राख, माती किंवा चुन्याचा भराव सापडतो. आवाज अडवण्यासाठी तो मुद्दाम घातलेला असतो. कचरा समजून तो काढला की वरच्यांचं प्रत्येक पाऊल ऐकू येतं.

वायरिंग, शिशाचे नळ आणि शिशाचा जुना रंग यांची तपासणी ठरलेली आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी १९४९ पूर्वी बांधलेलं घर विकताना शिशाचा अहवाल देणं सक्तीचं आहे. विजेच्या बाबतीत मात्र एक प्रश्न वेगळा विचारावा: इमारतीत येणाऱ्या मुख्य केबलची क्षमता किती, आणि त्यातली किती शिल्लक आहे? घरातली सगळी तार नवी केली तरी जिन्यातली केबल जुनीच राहते.

हिशेब उलटा मांडावा

पडीक घराची किंमत ठरवताना बहुतेक जण तयार घराच्या भावातून कामाचा खर्च वजा करतात आणि थांबतात. पूर्ण वजाबाकी अशी. समजा, त्याच इमारतीतलं सगळं काम झालेलं घर १०० ला जातं. बांधकाम २२. वास्तुविशारद, इंजिनिअर, परवानग्या ३. खरेदीचे कर आणि वकील ८. दोन वर्षांचं व्याज, देखभाल आणि तोवर दुसरीकडचं भाडं ६. अनपेक्षित कामांसाठी राखीव ४, म्हणजे बांधकामाच्या सुमारे अठरा टक्के. जुन्या इमारतीत याहून कमी राखीव ठेवू नये. उरले ५७. घाईतला खरेदीदार मात्र ७८ मोजतो, आणि मग पैसे संपल्यावर चुन्याच्या जागी सिमेंट येतं. करांचे दर प्रत्येक शहरात वेगळे, पण वजाबाकीतले रकाने हेच.

वेळेचाही असाच हिशेब. काही न्यूयॉर्क इमारतींत मोठी कामं फक्त उन्हाळ्यातल्या ठरावीक आठवड्यांत करू देतात. न्हाणीघर किंवा स्वयंपाकघर शेजाऱ्याच्या झोपण्याच्या खोलीवर सरकवायला तिथे जवळजवळ कुठलीच समिती तयार होत नाही. नकाशा काढण्याआधी इमारतीचे कामाचे नियम मागून घ्यावेत, नाहीतर वास्तुविशारदाचे पैसे दोनदा जातात.

इतरांशी बांधलेलं

इमारतीच्या सभांची तीन वर्षांची इतिवृत्तं वाचणं हे या खरेदीतलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फायद्याचं काम. फ्रान्समध्ये ती खरेदीदाराला देणं बंधनकारक आहे, इतरत्र मागून घ्यावी लागतात. त्यात शोधायचं काय? छप्पर किंवा दर्शनी भागाच्या दुरुस्तीची चर्चा वारंवार होऊन निर्णय पुढे ढकलला गेलाय का. खर्च न भरणारे किती. चालू खटले कोणते. राखीव निधी किती. मंजूर झालेल्या पण अजून न झालेल्या कामाचा खर्च कुणी भरायचा, हे खरेदीखतात स्पष्ट लिहून घ्यावं. न्यूयॉर्कमध्ये सहा मजल्यांहून उंच इमारतींच्या दर्शनी भागाची तपासणी दर पाच वर्षांनी सक्तीची आहे. पुढची तपासणी कधी आणि मागच्या अहवालात काय लिहिलं होतं, यावर काही वर्षांचा खर्च अवलंबून असतो.

घर भाड्याने देऊन खर्च भागवण्याचा बेत असेल तर तो आजच्या नियमांवर आखू नये. बार्सिलोनाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत पर्यटकांसाठीच्या फ्लॅटचे सगळे परवाने संपवण्याचा निर्णय २०२४ मध्ये जाहीर केला. असे परवाने दहा हजारांच्या वर होते. फ्रान्समध्ये ऊर्जेच्या मोजणीत सर्वांत खालच्या वर्गात येणारी घरं जानेवारी २०२५ पासून नव्याने भाड्याने देता येत नाहीत, आणि मूळ खिडक्या-भिंती जपलेली जुनी घरं त्या वर्गात सहज जातात. वर्ग सुधारायला हवा, पण संरक्षणाचे नियम अस्तर लावू देत नाहीत. या दोन कायद्यांच्या कात्रीत सापडणारं घर भाड्याच्या उत्पन्नावर घेऊ नये.

विम्याचं काम इसाराच्या आधीच हाती घ्यावं, कारण काही इमारतींना तो सहज मिळत नाही. विम्याची रक्कम बाजारभावावर ठरवायची नसते, तर हातकामाचं दगड-लाकूड-चुना वापरून तेच पुन्हा बांधायला किती लागेल त्यावर ठरवायची असते. ती कमी लावली तर छोट्या नुकसानीची भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाऊ शकते. नेहमीचा घरविमा मोठ्या दुरुस्तीच्या काळात बहुधा लागू होत नाही, त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते, आणि छपरावर आगीच्या ज्योतीने काम करायचं असेल तर ते विमा कंपनीला आधी कळवावं लागतं. बऱ्याच पॉलिसींत घर सलग तीस किंवा साठ दिवस रिकामं राहिलं की पाणीगळतीचं संरक्षण आटतं. वर्षातून काही आठवडेच येऊन राहणाऱ्यांनी ही अट वाचून पाण्याचा मुख्य नळ बंद करण्याची आणि आठवड्याला कुणीतरी येऊन पाहण्याची व्यवस्था लेखी ठेवावी. वरच्या मजल्यावर गळलेलं पाणी खालच्या तीन घरांच्या छतांतून उतरतं, आणि ती छतं पुन्हा करणारे कारागीर मिळवायलाच कित्येक महिने जातात.